खालच्याले विचारलं काय?

लांजेवारजी कोणाला नमस्कार करत नाहीत. समोर माणूस आला की ते त्याच्या पायांकडे पाहतात आणि पायांखाली काय आहे ते सांगतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी हात पुढे केला, तर म्हणाले, "सहा इंची पाण्याच्या लाइनवर उभा हायेस तू. जोड गळून राहिला. बूट खराब होईन." मी घाईने बाजूला सरकलो. "आता टेलिफोनच्या केबलवर आला," असे म्हणून ते निघून गेले. ही आमची ओळख.

आमची कंपनी लहान आहे. रडारने जमिनीच्या आत काय आहे ते शोधणे हे आमचे काम. यंत्र दिसायला बाबागाडीसारखे असते. खाली एक चपटा डबा, वर पडदा. गाडी ढकलत चालले की डबा जमिनीत लहरी सोडतो. पाइप, केबल, दगड, जे काही असेल त्यावर आपटून त्या परत येतात आणि पडद्यावर उमटतात. पाइप तिथे गोल दिसत नाही, खाली वळलेल्या मिशीसारखा दिसतो. लांजेवारजी त्याला मिशीच म्हणतात. "ठळक मिशी, लोखंड. फिकी मिशी, प्लास्टिक. अन् जिथं मिशी नाई, नुसतं घुमून राहिलं, तिथं पाय ठेवाचा नाई."

लांजेवारजी रागीट आहेत असे म्हणणे फारच कमी पडेल. रात्रभर यंत्राची बॅटरी चार्ज होते तसे तेही होत असावेत. रस्ता झाल्यावर पाइप टाकायला येणाऱ्यांवर त्यांचा राग आहे. पाइप टाकून झाल्यावर केबलसाठी पुन्हा तोच रस्ता उघडणाऱ्यांवर आहे. ओल्या काळ्या मातीवरसुद्धा आहे, कारण ती लहरी गिळून टाकते आणि खालचे काही दाखवत नाही. "सांग ना वं, काहून लपवून राहिली?" असे मातीला दरडावताना मी त्यांना पाहिले आहे. कोणीही, कुठेही, कशासाठीही खोदायला लागला की ते विचारतात, "खालच्याले विचारलं काय?" मांडवाचा खांब रोवणाऱ्याला विचारतात. एकदा वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात पाहुण्यांनी कुदळ उचलली आणि फोटोवाला तयार झाला, तेवढ्यात मागून हाच प्रश्न आला. पाहुण्यांनी कुदळ खाली ठेवली. झाड शेवटी कुंडीत लावले.

इमारतींनाही ते सोडत नाहीत. भिंतीतल्या आणि खांबातल्या लोखंडी सळ्या, म्हणजे छड, पाहायचे एक छोटे यंत्र आमच्याकडे आहे. आमच्या मालकांच्या पुतणीच्या लग्नात लांजेवारजी ते पिशवीत घालून घेऊन आले आणि हॉलच्या खांबांना लावत फिरले. मुलाकडच्यांना ते लायटिंगवाले वाटले. "छड हाय. बसा," असे त्यांनी सांगेपर्यंत आमच्या ऑफिसचे एकही माणूस जेवायला बसले नाही.

मी सावनेरचा. वडील कोळशाच्या खाणीत होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. शाळेतल्या गणिताच्या सरांनी दोन उन्हाळे घरी बोलावून शिकवले, म्हणून मी इंजिनियर झालो. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण लांजेवारजींना माझ्या डिग्रीचाही राग होता, आणि त्याला कारण होते. आमच्याकडे नियम असा की रिपोर्टवर पदवीधर इंजिनियरचीच सही चालते. लांजेवारजी आयटीआय झालेले. पडदा ते वाचणार, सही मी करणार. पहिल्या वर्षी मला त्या पडद्यावर मुंग्यांची रांग दिसायची. तरी कागदावर मोठ्या अक्षरांत नाव माझे. "करा सही, साहेब," असे ते दर वेळी म्हणायचे, आणि त्या 'साहेब'मध्ये इतके काही असायचे की माझे कान गरम व्हायचे.

धरमपेठेत एकदा त्यांनी विजेच्या केबलवर लाल रेघ ओढली. रेघ म्हणजे इथे हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी जेसीबीवाल्याने बरोबर त्या रेघेवरून चर खणला. गल्ली दोन दिवस अंधारात. जेसीबीवाला म्हणाला, "तुम्हीच त लाइन मारून ठेवली होती ना, काका. एक इंच इकडं-तिकडं नाई गेलो, पाहा." त्याला शाबासकी हवी होती. लांजेवारजी त्या चराच्या काठावर उभे राहून पंधरा मिनिटे बोलले. त्यातले एकही वाक्य मला इथे लिहिता येत नाही.

तेव्हापासून ते रेघेशेजारी चुन्याने मोठ्या अक्षरांत 'इथे खोदू नका' असे लिहू लागले. पण आपल्याकडे सकाळी दारापुढे सडा पडतो. एका बाईंनी आपल्या दारापुरता सडा टाकला आणि त्यात 'नका' वाहून गेले. उरले 'इथे खोदू'. बाजूला बाईंनी ठिपक्यांची सुंदर रांगोळी काढली होती, त्यामुळे ती सूचना मोठी मंगल दिसत होती. आता खोदकामाच्या दिवशी लांजेवारजी सडा पडायच्या आधी गल्लीत हजर असतात आणि बादली घेऊन निघालेल्या बायकांना अडवतात. "थांब वं माय जराशीक. मशीन येऊन जाऊ दे, मंग टाक." बायका ऐकत नाहीत. लांजेवारजींवर एकदा अख्खी बादली रिकामी झाली, ती मी पाहिली आहे.

इथपर्यंतचे मी हसत सांगतो. गांधीबागेची गोष्ट मला हसत सांगता येत नाही. मला अजून राग येतो. ठेकेदाराचा येतो, आमच्या मालकांचा येतो आणि माझा स्वतःचा सगळ्यांत जास्त येतो.

कापडाच्या ठोक बाजारातली ती एक अरुंद गल्ली. जुने डांबर खरवडून झाले होते, आता सिमेंटचा रस्ता होणार होता. त्याआधी सोमवारी सकाळी रोलर फिरणार होता. आम्ही शुक्रवारी यंत्र घेऊन गेलो. एका दुकानदाराने मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "गुप्तधन वगैरे दिसते का हो यात?" मी काही बोलायच्या आत लांजेवारजी म्हणाले, "दिसते ना. तुमच्या दुकानाखालून ड्रेनेज जाऊन राहिली. सगळं धन तुमचंच हाय."

गल्लीच्या मध्यावर निर्मलाबाईंची चहाची गाडी होती.

"सरक वं बाई तिथून," लांजेवारजी म्हणाले.

"काहून सरकू? बारा वर्षं झाली मले इथं. तुमची गाडी वळवा ना."

"माही गाडी जमिनीच्या आत पाह्यते."

"त मंग माह्या गाडीच्या बाजूनं पाहा म्हणा तिले."

शेवटी हमालांनी चहाची गाडी उचलून बाजूला ठेवली. निर्मलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. तिसऱ्या फेरीत, बरोबर त्यांच्या जागेवर, पडद्यावरच्या मिश्या संपल्या. एक मीटर खाली एक चकचकीत रेघ दिसली, तिच्याखाली तीच रेघ पुन्हा, मग पुन्हा. रिकाम्या हौदात बोलल्यावर आवाज घुमतो तशी. लांजेवारजींनी गाडी मागे घेतली, आडवी चालवली, तिरपी चालवली. आणि ते गप्प झाले. ते ओरडत असतात तोवर मला कसलीच काळजी नसते.

"विहीर हाय," ते हळूच म्हणाले. "वरून झाकली. आत भरलीच नाई कोणी."

तेवढ्यात कापडाच्या गाठींनी लादलेला एक हातठेला तिथून गेला. तीन हमाल जोर लावून ढकलत होते. तो पलीकडे पोचेपर्यंत आम्ही दोघे नुसते पाहत राहिलो.

"म्हणजे मी बारा वर्षं विहिरीवर चहा करून राहिली?" निर्मलाबाईंनी विचारले. मग थोडा विचार करून म्हणाल्या, "अन् पाणी त्या कोपऱ्यावरून आणून राहिली."

शनिवारी ऑफिसात ठेकेदार आला. त्याला सगळे बंटीभाऊ म्हणतात. बोलायला अतिशय गोड. "दादा, रिपोर्टमध्ये पोकळी शब्द नका ना लिहू. काम अटकून जाते. 'भरावाची सैल माती' लिहा. रोलर फिरला का आपोआप दबते." मालक मोबाइलमध्ये पाहत होते. तसेच पाहत ते मला म्हणाले, "मंगेश, शब्दच बदलायचा आहे. तू शिकलेला आहेस, नीट लिहिशील. सही तुझीच लागेल."

मी नाही म्हणालो नाही. हे मला लिहिलेच पाहिजे. माझ्या डोळ्यांसमोर बहिणीचे कॉलेज होते, आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते, आणि तो हातठेला ढकलणारे हमालही होते. मी पेनचे टोपण काढले.

"याची सही काहून घेता?" लांजेवारजी दारातून ओरडले. "हा पोट्टा होता काय शुक्रवारी गल्लीत? यंत्र मी ढकललं, पडदा मी पाह्यला. हा साड्यांच्या दुकानात बसून चहा पीत होता. याले मिशी अन् शेपूट समजत नाई."

हे साफ खोटे होते. मी म्हणालो, "लांजेवारजी, मी तुमच्यासोबतच तर..."

"तोंड बंद ठेव. सावनेरले जा दोन दिवस, मायच्या हातचं खा. मोठा डिग्री घेऊन आला." त्यांनी माझ्या हातातले पेन ओढून घेतले आणि मला दंडाला धरून बाहेर काढले. बंटीभाऊ हसला. मालकही हसले.

सावनेरच्या बसमध्ये मी त्यांना द्यायची उत्तरे मनात जुळवत होतो. एकाहून एक चांगली उत्तरे सुचत होती. घरी जाऊन मी हे सगळे वडिलांना सांगितले, आणि या माणसाबरोबर मी आता काम करणार नाही, असेही सांगितले.

वडील बाजेवर बसून ऐकत होते. म्हणाले, "आमच्या खाणीत एक जण होता. त्याचं काम एकच. लांब सळाख घेऊन छत ठोकून पाहाचं. आवाज पोचट आला का म्हणे, बाहेर व्हा. लई शिव्या दे. त्याले आम्ही कधी उलटून बोललो नाई." मग त्यांनी विचारले, "या माणसानं तुले शिव्या कधी दिल्या? सही कराच्या आधी का मंग?"

"आधी."

"मंग समज ना बाबा. सही करून दिली असती, अन् उद्या कोणी खाली गेलं असतं, त तुले धरलं असतं. नाई म्हटलं असतं, त तुह्या मालकानं काढलं असतं. तू तिथं नव्हताच म्हटल्यावर तुले कोण काय करणार?"

मी बाजेच्या कडेला बसलो.

"पण आता तिथं तो एकटाच हाय," वडील म्हणाले. "अन् त्याचा कागद त चालत नाई म्हणतो ना तू?"

सोमवारी पहिली एसटी पकडून मी आलो. गल्लीच्या तोंडाशी गर्दी होती. रोलर उभा होता आणि त्याच्यासमोर, विहिरीच्या लाल खुणेच्या अलीकडे, यंत्र आडवे लावून लांजेवारजी स्टुलावर बसले होते. त्यांच्या हातात त्यांनीच हाताने लिहिलेला कागद होता. खाली पोकळी आहे, रोलर नेऊ नये, खाली नाव, सही. रविवारी त्यांनी तो बंटीभाऊच्या घरी नेऊन दिला होता. बंटीभाऊने दारातूनच परत केला होता.

"काका, तुम्हीच म्हणाले ना का इंजिनियर नव्हता," बंटीभाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगत होता. "मंग हा कागद कोणाचा? आयटीआयचा? अशा कागदानं रस्ते थांबत नाई. उठा आता, प्रेमानं सांगून राहिलो."

"मी नाई उठत. तू आधी खालच्याले विचार."

हमाल हसले. रोलरवाल्याने इंजिन सुरू केले. निर्मलाबाई माझ्याजवळच उभ्या होत्या. म्हणाल्या, "येडा हाय तो. सकाळपासून चहा नाई घेतला. म्हणते, उठलो त हे लोक रोलर घालतीन."

मी गर्दीतून पुढे गेलो. "मी होतो," मी म्हणालो. आवाज बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हणालो. "शुक्रवारी मी इथेच होतो. पडदा मी पाहिला आहे. खाली पोकळी आहे." लांजेवारजींच्या हातातून मी कागद घेतला, यंत्रावर ठेवला आणि त्यांच्या नावाखाली माझे नाव, डिग्री आणि सही केली.

मला वाटले होते त्यांना बरे वाटेल. ते इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "तुले कोण बोलावलं होतं बे?" ते ओरडले. "घरी चार ताटं वाढली जाते ना तुह्या पगारावर? मी तुले हाकललं होतं. माणसाले हाकललं त राहावं ना तिकडंच. डिग्री हाय, अक्कल नाई. खोड ते नाव."

"नाही खोडत."

"खोड म्हणतो ना."

"लांजेवारजी, पेनने केली आहे."

बंटीभाऊ म्हणाला, "सह्या पुरे झाल्या. पोकळी हाय त दाखवा. नाई त बाजूला व्हा."

"दाखवतो," लांजेवारजी म्हणाले. ते कोणालाही पुढे जाऊ देईनात. कापडाच्या गाठी बांधायचा दोर त्यांनी आपल्या कमरेला बांधला, दुसरे टोक माझ्या आणि दोन हमालांच्या हातात दिले. जमिनीवर दोन फळ्या टाकून त्यावर ते पोटावर झोपले आणि सब्बलने, म्हणजे पहारीने, खोदायला लागले. खोदता खोदता तोंड चालूच होते. ठेकेदाराला, मातीला, मला आणि दोर ढिला सोडतो म्हणून डावीकडच्या हमालाला ते शिव्या देत होते. अर्धा-पाऊण तास गेला. गल्लीतले लोक कंटाळून दुकानांकडे वळायला लागले.

मग सब्बल लाकडावर आदळली. विहिरीवर आडवी टाकलेली कुजलेली बल्ली होती. लांजेवारजींनी आणखी एक घाव घातला आणि सब्बल त्यांच्या हातातून सुटून खाली गेली. काहीच आवाज आला नाही. मग खूप खालून पाण्याचा आवाज आला.

आम्ही तिघांनी दोर ओढला. लांजेवारजी घसरत मागे आले. रोलरवाला इंजिन बंद करून उतरला आणि आपल्या रोलरपासूनही लांब जाऊन उभा राहिला.

त्यानंतर जे झाले त्याचाच मला जास्त राग येतो. बंटीभाऊ पाच मिनिटांत सावरला. कोणाच्या तरी मोबाइलपुढे उभा राहून "आमच्या टीमने वेळेवर शोधून काढलं, जनतेची सुरक्षा पहिली" असे सांगत होता. मालकांचा मला फोन आला, "शाब्बास मंगेश." लांजेवारजींचे नाव त्यांनी घेतले नाही. मी घेतले, तर म्हणाले, "हो, हो, त्यालाही सांग." लांजेवारजी दुकानाच्या पायरीवर बसले होते. पोट खरचटले होते, शर्टाची दोन बटणे गेली होती. निर्मलाबाईंनी चहा आणून दिला. "साखर कमी हाय," म्हणून तो त्यांनी परत केला. बाईंनी मुकाट्याने साखर घालून आणली.

दुपारी पंचनाम्यासाठी महापालिकेचा एक कारकून आला. गल्ली बंद केली, दोऱ्या बांधल्या. मग तो फॉर्म घेऊन पायरीजवळ बसला. लागले होते म्हणून लांजेवारजींचाही फॉर्म भरायचा होता. नाव, वय, काम, कुठे लागले. लांजेवारजी प्रत्येक प्रश्नाला चिडून उत्तर देत होते.

"घरचं कोण?" कारकुनाने विचारले.

"काहून? मी मेलो काय?"

"फॉर्म हाय, काका. दवाखान्यातून फोन करा लागला त कोणाले करणार? बायको, मुलगा, भाऊ, कोणी असन ना."

मी त्यांच्या शेजारीच होतो. तीन वर्षे मी या माणसासोबत नागपूरभर हिंडलो, आणि संध्याकाळी तो कोणाकडे जातो हे मी कधी विचारले नव्हते. कारकून पेन धरून थांबला होता. मग लांजेवारजींनी समोर पाहतच एक नाव सांगितले, वडिलांच्या नावासकट, आणि एक मोबाइल नंबर सांगितला. दहाही आकडे न अडखळता. नाव माझे होते. नंबरही माझा होता.

"नातं?" कारकुनाने लिहिता लिहिता विचारले.

"नातं काय," लांजेवारजी म्हणाले. "रागावतो मी त्याच्यावर."

"ते कसं लिहू, काका?"

लांजेवारजींनी तोंड फिरवले. कारकुनाने माझ्याकडे पाहिले.

"लिहा ना," मी म्हणालो. "तेच लिहा."